आधी बुडी, मग गळ: बेलीझमधल्या एका आठवड्याचं नियोजन

आमच्या आठ जणांच्या गटाचं बेलीझचं पहिलं वेळापत्रक मी केलं होतं आणि ते साफ चुकलं होतं. सुरुवातीला मासेमारी, मग डायव्हिंग आणि शेवटच्या दिवशी सगळ्यात मोठं आकर्षण, म्हणजे ग्रेट ब्लू होल, समुद्रातलं गोल, खोल विवर. चांगला पदार्थ पानात शेवटी खावा, तसा हिशोब. त्या डायव्हनंतर दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यूस्टनचं परतीचं विमान होतं. डायव्ह शॉपमधल्या मुलीने आमची तिकिटं पाहिली आणि शांतपणे मान हलवली. ब्लू होल राहिलं ते राहिलंच.

कारण साधं आहे. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, कित्येक तास घेत बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा कमी असतो. उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू लागला तर सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकच डायव्ह केला असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास आणि रोज किंवा दिवसातून अनेक डायव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायचं असा नियम आहे. आम्ही आता सरळ २४ धरतो. गळ टाकायला असला कुठलाच नियम लागत नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टी एका सहलीत हव्या असतील तर डायव्हिंग पुढे आणि मासेमारी मागे. बाकीचं सगळं नियोजन या एका वाक्याभोवती फिरतं.

जागा: अॅम्बरग्रिस की

बेलीझ म्हणजे पूर्वीचं ब्रिटिश होंडुरास. १९८१ साली स्वतंत्र झालेला, मेक्सिको आणि ग्वाटेमालाला खेटून असलेला छोटा देश. राजभाषा इंग्रजी, त्यामुळे बोलण्याची अडचण नाही. रस्त्यावर मात्र क्रिओल आणि स्पॅनिश जास्त ऐकू येतं. अॅम्बरग्रिस की (‘की’ म्हणजे इथे छोटं बेट) हे त्याच्या उत्तरेचं लांबट बेट आणि सॅन पेड्रो हे त्यावरचं गाव. गावात गाड्यांपेक्षा गोल्फ कार्ट जास्त.

दोन्ही छंदांसाठी हेच बेट घ्यायचं कारण त्याच्या भूगोलात आहे. पूर्वेला किनाऱ्यापासून किलोमीटरभराच्या आत प्रवाळाची भिंत आहे. बेलीझच्या प्रवाळरांगेला १९९६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मधली काही वर्षं ती धोक्यातल्या वारशांच्या यादीत होती आणि २०१८ साली त्यातून बाहेर आली. पश्चिमेला खाजणासारखं उथळ पाणी मैलोन्मैल पसरलंय. कुठे घोट्याइतकं, कुठे मांडीपर्यंत, तळाला पांढरी वाळू आणि समुद्री गवत. याला फ्लॅट्स म्हणतात. म्हणजे बुडीची जागा आणि गळाची जागा यांच्यामध्ये बेटाच्या रुंदीएवढंच अंतर. मुक्काम एक, नाश्ता एकत्र, मग दोन तुकड्या दोन दिशांना.

पासपोर्ट आधी, तिकीट नंतर

भारतीय पासपोर्टवर बेलीझला व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि अमेरिकेचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा असलेल्यांना वेगळा काढावा लागत नाही, पण नियम बदलतात. तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

अमेरिकेत एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांसाठी खरा सापळा परतीच्या वाटेवर आहे. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलाय आणि हातात फक्त नवा आय-सात-नऊ-सात, म्हणजे व्हिसा मंजुरीचा कागद आहे, अशा अवस्थेत थोड्या दिवसांसाठी कॅनडा-मेक्सिकोला जाऊन परत येण्याची सवलत असते. बेलीझ त्यात बसत नाही. ‘मेक्सिकोच्या शेजारीच तर आहे’ म्हणून निघालात तर परत यायला अमेरिकन वकिलात गाठावी लागेल. गटातल्या प्रत्येकाचा शिक्का एकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. ‘माझा आहे रे’ यावर विश्वास ठेवू नये.

भारतातून सरळ विमान नाही. अमेरिकेमार्गे किंवा पनामामार्गे यावं लागतं. बेलीझ सिटीहून बेटावर जायला छोटं विमान आहे, वीसेक मिनिटांचं. नाहीतर बोट, सुमारे दीड तासाची.

माणसं मोजा, मग बोटी

आठ जण म्हणजे एक बोट, असं वाटतं. तसं नसतं. फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे पिसांच्या नकली आमिषाने मासे धरण्यासाठी, इथे पांगा वापरतात, म्हणजे लांबट, उघडी फायबरची होडी. तिच्यात गाइडसोबत दोनच गळवाले जातात. आठही जणांना मासे धरायचे असतील तर चार पांगा आणि चार गाइड. भाडं माणशी नसून बोटीमागे असतं, त्यामुळे गळवाले सम संख्येत लागतात. एकटा उरला तर त्याला पूर्ण बोटीचे पैसे पडतात.

म्हणून चार-पाच महिने आधी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. डायव्हिंगचं सर्टिफिकेट आहे का? नसेल तर शिकायचंय का? आणि दिवसभर उन्हात उभं राहून, कदाचित एकही मासा न मिळता, आनंदी राहता येईल का? आमच्यात तिघं सर्टिफाइड निघाले, दोघांना शिकायचं होतं, दोघांना फक्त गळ हवा होता आणि वहिनींना यातलं काहीच नको होतं. त्यांना झोपाळा हवा होता. सहलीहून सगळ्यात ताजीतवानी होऊन परतली ती तीच बाई.

पैसे एकाच्या हातात ठेवा, भिशीसारखे. आणि भाव ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा: बेलीझ डॉलर की अमेरिकन? एका अमेरिकन डॉलरला दोन बेलीझ डॉलर असा ठरलेला दर आहे आणि दोन्ही चलनं सर्रास चालतात. त्यामुळे नुसता ‘डॉलर’ ऐकून होकार दिलात तर बिल दुप्पट होऊ शकतं.

चार्टरवाल्याला ईमेलमध्ये लेखी विचारायचं ते असं: दिवस किती तासांचा, जेवण-पाणी-इंधन धरून की वेगळं, रॉड तुमचे की आमचे, वारा सुटला तर आगाऊ रकमेचं काय. मासेमारीचा परवाना बेलीझमध्ये प्रत्येक गळवाल्याला लागतो, तो कोण काढणार हेही विचारा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाइड फ्लायचाच आहे ना. खोल समुद्रात ट्रोलिंग करणारा, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढणारा चांगला नावाडी फ्लॅट्सवर उपयोगाचा नाही. डायव्हवाल्याला विचारायचं: एका गाइडमागे किती जण, बोटीवर ऑक्सिजन आहे का, होल चान आणि ब्लू होलची संरक्षित क्षेत्राची फी दरात धरली आहे का. ती बहुतेकदा वेगळी असते.

घरून करून यायचा अभ्यास

डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स सुट्टीत पूर्ण करता येतो, पण मग सुट्टीचे दोन दिवस वर्गात आणि तलावात जातात. त्यापेक्षा लेखी भाग आणि स्विमिंग पूलमधला सराव घरीच उरका आणि समुद्रातले चार डायव्ह बेटावर करा. याला रेफरल म्हणतात. पोहता यायला हवं: २०० मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं तरंगणं. कॉलेजनंतर पाण्यात न उतरलेल्यांनी आजपासून सुरुवात करा. महाराष्ट्रात असाल तर एमटीडीसीची स्कूबा संस्था मालवणजवळ तारकर्लीला आहे. तिथलं पाणी बेलीझइतकं नितळ नसतं, पण गढूळात शिकलेला माणूस नितळ पाण्यात घाबरत नाही, असा माझा अनुभव आहे.

तब्येतीचा फॉर्म आधीच मागवून घ्या. त्यातल्या काही प्रश्नांना ‘हो’ असेल, जसं दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, तर डॉक्टरांची सही लागते. ती बेटावर गोळा करत बसलात तर एक दिवस गेला. आपल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींनी रक्तदाबाच्या गोळ्या लपवू नयेत. तिथे कोणी लग्न जमवायला बसलेलं नाही.

आता फ्लाय. मासा धरायला माशी, एवढंच या नावात आहे. बारीक हूकवर पिसं, केस, धागा बांधून कोळंबी किंवा खेकड्याचं सोंग केलेलं असतं. नेहमीच्या गळात शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथे आमिषाला वजनच नसतं. वजन असतं ते जाड दोरीला आणि आमिष तिच्या मागून फरफटत जातं. त्यामुळे ही फेक हाताच्या जोराची नसून थांबण्याची आहे. रॉड मागे न्यायचा, झटकन थांबवायचा, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघायची आणि मगच पुढे. नवखा वाट बघत नाही. मग पोतराजाच्या आसुडासारखा ‘फाट्’ आवाज येतो आणि टोकाची माशी तुटून जाते. आवाज आला की समजायचं, घाई झाली.

घराजवळच्या मैदानावर, हूकऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, रोज पंधरा मिनिटं असा महिनाभर सराव करा. चाळीस फुटांवर ठेवलेल्या ताटात दहातले सहा तुकडे पडायला लागले की पुरे. ऐंशी फूट फेकणाऱ्या पण कुठे पडेल याचा भरवसा नसलेल्या माणसापेक्षा चाळीस फूट नेमकं टाकणाऱ्याला मासे जास्त मिळतात. वाऱ्यात सराव नक्की करा. बेलीझला वारा असतोच, बहुधा पूर्वेचा. आणि गॉगल कायम डोळ्यांवर, मैदानावरसुद्धा. हूक डोळ्यात गेलेला कोणाला बघायची इच्छा नसते.

सामान फार नको. बोनफिश आणि टार्पन हे इथले गळवाल्यांचे आवडते मासे. बोनफिशसाठी आठ नंबरचा रॉड, टार्पनसाठी दहा ते बारा. पहिल्या खेपेला भाड्याने घ्या. स्वतःचा हवा तो पोलराइज्ड गॉगल, तांबूस काचेचा. तो नसेल तर पाण्याखालचा मासा दिसतच नाही आणि न दिसणाऱ्या माशाला फेकणार काय? लांब बाह्यांचा पातळ शर्ट, मानेपर्यंत झाकणारी टोपी, उथळ पाण्यात चालायचे जाड तळव्याचे बूट. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं. संध्याकाळी सँडफ्लाय चावतात, त्यांचं मलम वेगळं.

कधी जायचं

मार्च ते मे. तेव्हा पाऊस कमी आणि पाणी उबदार, त्यामुळे तीन मिलिमीटरचा वेटसूट पुरतो. थंडीत उत्तरेचे गार वारे येतात आणि दोन-दोन दिवस बोटी सुटत नाहीत. १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत काळ. मोठे स्थलांतरित टार्पन मात्र तिकडच्या उन्हाळ्यात, जून-जुलैतच येतात, त्यामुळे जाणकार गळवाले तो धोका पत्करतात. नवख्यांनी पत्करू नये.

बुडीचे दिवस

पोचल्याच्या दिवशी काही करू नका. दुसऱ्या दिवशी होल चान. माया भाषेत या नावाचा अर्थ छोटी खिंड. १९८७ पासूनचं हे संरक्षित क्षेत्र आहे, खोली नऊ-दहा मीटर, म्हणजे उपकरणांशी ओळख करून घ्यायला उत्तम. जवळच शार्क रे अॅलीमध्ये नर्स शार्क आणि स्टिंगरे बोटीभोवती घुटमळतात. डायव्हिंग न करणारेही इथे स्नॉर्कल लावून उतरू शकतात, त्यामुळे पहिला दिवस सगळ्या गटाचा एकत्र होतो. कानात दडा बसायच्या आधीच, दर मीटरला, नाक दाबून हलकी फुंकर मारा किंवा गिळा. दुखायला लागल्यावर नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही, औषध घेऊनही नाही. खाली असताना औषधाचा असर उतरला तर वर येताना अडकाल.

तिसऱ्या दिवशी गावासमोरच्या प्रवाळावर दोन डायव्ह. इथे प्रवाळाच्या धारा आणि मधल्या वाळूच्या घळी अशी रचना आहे, शेतातल्या सरी-वरंब्यांसारखी. घळीत उतरायचं, धारेवरून वर यायचं. नवे सर्टिफिकेटवाले १८ मीटरच्या आत.

चौथा दिवस ब्लू होलचा आणि इथे मला जरा थांबायचंय. लाइटहाउस रीफ या प्रवाळरांगेतलं हे वर्तुळ सुमारे ३०० मीटर रुंद आणि सव्वाशे मीटर खोल आहे. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हाची ही गुहा, छप्पर कोसळून उघडी पडलेली. १९७१ साली फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तोने कॅलिप्सो जहाज आणून तिला जगप्रसिद्ध केलं. बघण्यासारखे लवणस्तंभ आहेत चाळीस मीटरवर, म्हणजे छंदी डायव्हिंगच्या मर्यादेवर. त्या खोलीवर जेमतेम आठ मिनिटं मिळतात आणि नायट्रोजनमुळे डोकं भांग प्यायल्यासारखं होतं. मासे जवळजवळ नाहीत. दोन-अडीच तासांचा हेलकावणारा प्रवास, तोही पहाटे उठून.

कालपर्यंत स्विमिंग पूलमध्ये असलेल्यांनाही ‘चला, काही होत नाही’ म्हणून घेऊन जाणारे असतात. जाऊ नका. अॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि निदान वीस-पंचवीस डायव्ह गाठीशी असतील तरच उतरा. पण त्या बोटीवर मात्र नक्की जा. कारण त्याच दिवशी पुढे हाफ मून कीची भिंत असते आणि लाँग कीजवळची ‘अॅक्वेरियम’ नावाची बुडीची जागा. माझ्या मते खरा माल तिथेच आहे. हाफ मून कीवर जेवणाच्या सुट्टीत लाल पायांच्या बूबी पक्ष्यांची वसाहत मचाणावरून हाताच्या अंतरावर दिसते. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या आणि ती घेऊन झोप येते का हे घरीच तपासून ठेवा. आलेपाकही चालतो. आमच्या बोटीवर तो निम्म्या परदेशी मंडळींनी संपवला.

काही बिनसलंच तर सॅन पेड्रोत रीकम्प्रेशन चेंबर आहे, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवून नायट्रोजन हळूहळू उतरवणारी खोली. डायव्हिंगचा विमा मात्र निघण्याआधी काढा. प्रवासाच्या साध्या विम्यात हे बहुधा बसत नाही.

पाचवा दिवस रिकामा ठेवा. वाऱ्याने एक दिवस खाल्ला तर हा कामाला येतो. नाही खाल्ला तर किनाऱ्यावर फेकीचा सराव.

गळाचे दिवस

सहावा आणि सातवा. पांग्याच्या मागच्या उंच फळीवर उभा राहून गाइड लांब वाशाने होडी ढकलतो, इंजिन बंद. तुम्ही नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर. तो कुजबुजतो, ‘अकरा वाजता, चाळीस फूट.’ मनगटाकडे बघू नका, मी बघितलं होतं. होडीची नाळ म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ. आधी रॉड त्या दिशेला रोखा, गाइड ‘आणखी डावीकडे’ म्हणून दुरुस्त करेल, मग फेका. बोनफिशची अंगं आरशासारखी असतात, मासा दिसत नाही, वाळूवरची सावली सरकताना दिसते. कधी तो डोकं खाली घालून चिखल उकरत असतो आणि शेपटी पाण्याबाहेर चमकते.

माशाच्या तोंडावर फेकलंत तर तो पळतो. चार-पाच फूट पुढे टाका, बुडू द्या, मग डाव्या हाताने दोरी छोट्या टप्प्यांत ओढा. आणि आता या छंदातली सगळ्यात अवघड गोष्ट. मासा लागला की रॉड वर उचलायचा नाही. लहानपणी नदीवर गळ टाकलेल्या प्रत्येकाचा हात आपोआप वर जातो आणि माशाच्या तोंडातून माशी निसटते. रॉड खाली, माशाच्या दिशेने, आणि दोरीच ओढायची. मी पहिल्या दिवशी चार मासे असे घालवले. चौथ्याला गाइड काही बोलला नाही, त्याने फक्त टोपी डोळ्यांवर ओढली.

नाळेवर एका वेळी एकच जण. गल्ली क्रिकेटचा नियम लावा: एक मासा किंवा एक चूक, मग दुसऱ्याची बॅटिंग. नाहीतर जुने मित्र दुपारपर्यंत अबोला धरतात. पाण्यात उतरून चालायचं झालं तर पाऊल उचलू नका, वाळूत घासत न्या. स्टिंगरे वाळूत लपलेले असतात आणि चाहूल लागली की स्वतः निघून जातात.

२००९ पासून बेलीझमध्ये बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तिन्ही मासे धरून सोडून देणं कायद्याने बंधनकारक आहे. हे ऐकून आईने फोनवर विचारलं होतं, ‘खायचा नाही तर धरायचा कशाला?’ याचं पटणारं उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्या जिवाला त्रास होतो हे खरं आहे. तो कमी करणं एवढं हातात असतं: हूकचा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट करा, हात ओले करा, हाताला सनस्क्रीन नको आणि फोटोसाठी मासा पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नका. सोडताना तो स्वतःच्या जोरावर पोहेपर्यंत सरळ धरा. दमलेल्या माशामागे बराकुडा आणि शार्क टपलेलेच असतात.

खायचंच असेल तर संध्याकाळी गावात खा. नारळाच्या दुधातला राइस अँड बीन्स मिळतो. शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं, घेवड्यात डुकराच्या शेपटीचा तुकडा टाकण्याची रीत आहे. टेबलावर हाबानेरो मिरचीच्या चटणीची बाटली असतेच. ती पहिल्यांदा ठेच्याच्या हिशोबाने वाढून घेऊ नका. गाइडला दिवसाच्या भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के टिप द्या, मासा मिळो न मिळो.

आठव्या दिवशी सकाळी सामान बांधायचं. शेवटच्या बुडीला तोपर्यंत तीन दिवस झालेले असतात. ब्लू होलचा दिवस वाऱ्यामुळे पाचव्यावर ढकलावा लागला तरी दोन पूर्ण दिवस उरतात. सातव्या संध्याकाळी कोणी ‘जाता जाता एक नाइट डायव्ह करू’ म्हणेल. आमच्यात दर वेळी कोणीतरी म्हणतंच. त्याला विमानाची वेळ दाखवा आणि त्याच्या हातात रॉड द्या. अंधार पडल्यावर सॅन पेड्रोच्या धक्क्यांवरच्या दिव्यांखाली छोटे मासे जमतात, आणि त्यांच्या मागे मोठे येतात.